दोन आटे

फोन आला तेव्हा ती एका चेपलेल्या दरवाजाचा फोटो मोठा करून बघत होती. विमा कंपनीच्या ऑफिसात तिचं कामच ते होतं, ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि गाडी कुठून, कशी, किती जोरात आदळली असेल याचा अंदाज बांधायचा. बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता, शांत आणि जवळचा, लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीत आत अडकलेल्या माणसांशी जन्मभर दारापलीकडून बोलत राहिल्यामुळे तसा झालेला. ते म्हणाले, स्टिअरिंग एकदम जड झालं, तलावाच्या कडेच्या वळणावर वळता वळेना, कसंबसं ओढून गाडी बाजूला घेतलीय. आत्या बरोबर आहे. ती ठीक आहे, घाबरली होती जराशी, पण आता बिस्किटं खातेय. तू काही धावत येऊ नकोस. मग म्हणाले, "खाली तेल सांडलंय. पॉवर स्टिअरिंगचं, लालसर आहे. कुठून गळतंय ते कळत नाही. मीच तर बघत असतो गाडीचं सगळं." समोर त्या चेपलेल्या दरवाजाचा फोटो तसाच उघडा होता, आणि तेल कुठून गळत होतं ते तिला माहीत होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा अंघोळीला गेले असताना ती खाली पार्किंगमध्ये गेली होती. त्यांच्याच खोक्यातला लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन. बॉनेट उघडलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं होतं की आतलं सगळं आपल्याला अजून ओळखता येतं. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा गाडीत डोकं घालून बसायचे आणि ती बॅटरी धरून उभी असायची. ते तिला असिस्टंट म्हणायचे. असिस्टंट, उजेड खाली. असिस्टंट, तुझं लक्ष कुठंय. त्यातूनच तिला कळलं होतं की हे तेलाचं भांडं, ही त्यातून पंपाकडे जाणारी नळी, आणि ही दुसरी, जिच्यातून तेल फिरून परत भांड्यात येतं. या परतीच्या नळीच्या तोंडावर एक पत्र्याची क्लिप असते. तिने त्या क्लिपचा पेच दोन आटे सैल केला, बॉनेट अलगद दाबून लावलं, आणि वर येऊन हात धुतले. बाबा अजून आतच होते. अंघोळ करताना ते गुणगुणत असत.

तिचा हिशोब साधा होता. बाबा कधीही गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय गाडी सुरू करत नसत, ही त्यांची जुनी खोड. रात्रीतून थेंब थेंब गळेल, सकाळी फरशीवर डाग दिसेल, मग बाबा गाडी बाहेर काढणार नाहीत. दुरुस्तीत आठवडा जाईल, कदाचित दोन. तेवढ्यात काहीतरी मार्ग निघेल. त्यापुढचा तिने विचार केला नव्हता. पण वर्षभरात रबर पाइपाला घट्ट चिकटून बसलेलं होतं, आणि सकाळी ऑफिसला निघताना तिने वाकून बघितलं तर फरशी कोरडी ठणठणीत. त्या क्षणी तिला चक्क हायसं वाटलं होतं. आपल्या हातून काही घडलंच नाही असं. संध्याकाळी आल्यावर पेच पुन्हा आवळून टाकू, असं ती मनाशी म्हणालीही होती. तेव्हा अजून वेळ गेलेली नव्हती. स्क्रूड्रायव्हर वर होता, लिफ्ट वर गेलेली होती, आणि बस चुकली असती. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी ती पुढे चालू लागली. आता टॅक्सीत बसून तलावाकडे जाताना तिला राहून राहून ती कोरडी फरशी दिसत होती. रात्रभर थंड असलेली नळी, मग इंजिन तापल्यावर पातळ झालेलं तेल, त्याचा जोर, आणि नेमक्या वळणावर नळीच्या सैल तोंडातून लागलेली धार. ऑफिसात दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल हे सगळं तिने दोन ओळींत लिहून टाकलं असतं.

बाबांच्या डोळ्यांचं कळून बरेच महिने झाले होते. डॉक्टरांनी त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं, कडेकडेने बारीक दिवे चमकवले, आणि दिवा दिसला की बटण दाबायला सांगितलं. ती बाहेर बसून ऐकत होती. आधी पटापट टक टक, मग लांबच लांब शांतता. काचबिंदूने दोन्ही बाजूंची नजर गेली आहे, डॉक्टर म्हणाले, नळीतून बघावं तसं यांना दिसतं, गाडी बंद करा. बाबांनी मान डोलावली, बाहेर आले, आणि गाडीच्या दाराचं कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं. "समोरचं सगळं दिसतं मला," ते म्हणाले. ते खरंही होतं. सुईत दोरा ते तिच्या आधी ओवत. घड्याळाच्या पट्ट्याची सूक्ष्म पिन ते नुसत्या नखाने बसवत. समोरचं जग त्यांना लख्ख होतं, आणि कडेला काही उरलेलंच नाही हे त्यांना कसं कळणार, कारण तिथे काळोखही नव्हता. एकदा ती शेजारी बसलेली असताना डाव्या फुटपाथवरून एक बाई छोट्या मुलीला हाताला धरून रस्त्यावर उतरली. बाबा गाणं गुणगुणत तसेच पुढे. तिने हँडब्रेक ओढला. गाडी गचका देऊन थांबली, त्या बाईचा हात बॉनेटवर टेकला होता आणि मुलगी हसत होती, तिला तो खेळ वाटला असावा. बाबा म्हणाले, "ही कुठून आली?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता. तो प्रश्न त्या दिवसापासून तिच्या कानात घर करून बसला.

तिने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. दुसऱ्या शहरातल्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, तू त्यांच्याजवळ आहेस, तूच नीट समजाव. तिने किल्ली लपवली, बाबांनी जास्तीची किल्ली काढली, आणि याबद्दल दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. बाबा गाडी सोडत नव्हते, कारण आत्या होती. बाबांची थोरली बहीण, पायांनी अधू, शहराच्या पलीकडच्या टोकाला वृद्धांच्या निवासात. दुपारचं जेवण झालं की ती खिडकीशी खुर्ची लावून घेऊन बसे, आणि बाबा तिला गाडीत घालून तलावाभोवती फिरवून आणत. एवढंच. दोघं खाली उतरतही नसत. पण त्या फेरीसाठी आत्या केस विंचरून तयार असे, आणि बाबा इस्त्रीचा सदरा घालत. हे कुणी कुणाकडून कसं काढून घ्यायचं?

ती पोचली तेव्हा दोघं भावंडं गाडीत शेजारी शेजारी बसून पाणी बघत होती. आत्याने काच खाली करून तिलाही बिस्किट देऊ केलं. "तुझ्या बाबाने काय ओढलं गं ते चाक, दातओठ खाऊन," आत्या म्हणाली, "लहानपणी विहिरीचा दोर ओढायचा तसं." तिच्या आवाजात भीतीपेक्षा कौतुक जास्त होतं. बाबांचे तळवे लाल झाले होते, उजवा खांदा ते मधूनमधून चोळत होते. तिने रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांना सवय लागलेली. चाकांचे वळ वळणापासून सुटून सरळ तलावाकडे गेलेले, मग एकाएकी मुरडलेले. कठड्याच्या दगडावर रंगाचा ओरखडा नव्हता. दगड आणि वळ यांच्यामध्ये हात लांब केला तर बोटं टेकतील एवढंच अंतर होतं. ती त्या अंतरात उभी राहिली. बाबा मागून म्हणाले, ऊन लागेल तुला, आत बस.

गाडी ओढून घरी आणली. सुट्टीच्या दिवशी बघू, बाबा म्हणाले. मधल्या दिवसांत पहाटेच खाली जाऊन पेच आवळून टाकावा असं तिच्या मनात कितीदा आलं. एकदा ती गेलीही. तर बाबा आधीच खाली, स्टूल टाकून गाडीसमोर बसलेले, काही न करता, नुसते. आजारी माणसापाशी बसावं तसे. तिला बघून त्यांना आनंद झाला. "झोप नाही ना येत तुलाही?" ते म्हणाले. ती त्यांच्यापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि वर आली.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी जुना सदरा चढवला आणि हाक मारली, "असिस्टंट, चल." पंख्याच्या वाऱ्याने तेल उडून सगळीकडे पसरलं होतं, त्यामुळे कुठून आलं ते नुसतं बघून कळण्यासारखं नव्हतं. बाबांनी आधी चिंध्यांनी सगळं पुसून कोरडं केलं. पंप, नळ्या, सांधे, एकेक बोट फिरवून. मग अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला आणि पावडर त्या नळ्यांवर शिंपडली. कोरड्या पावडरवर ओल आली की लगेच दिसते, त्यांनी तिला समजावून सांगितलं, जणू तिने हे आधी पाहिलेलंच नाही. बॉनेटखाली सगळं पांढरं दिसू लागलं. ते काम करता करता बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यातून तिला कळत होतं की त्यांना काय हवंय. पंपाचं सील गेलं असणार, ते म्हणाले, वयानुसार जातंच ते. नाहीतर खाली चाकं वळवणाऱ्या दांड्याचं. नाहीतर नळीलाच चीर पडली असेल. कुठलीतरी वस्तू जुनी झालेली असावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. तिलाही त्या घटकेला मनापासून वाटलं की सील गेलेलं असू दे. तसं झालं तर आपण सैल केलेल्या पेचाशी या कशाचा काही संबंध नाही असं होईल. माणूस किती पटकन आपल्या सुटकेचा विचार करतो हे तिला दिसलं, आणि तरी तो विचार गेला नाही.

त्यांनी भांड्यात तेल भरलं, तिला स्टिअरिंगवर बसवलं. इंजिन सुरू कर. पूर्ण डावीकडे. आता पूर्ण उजवीकडे, हळू. चाक फिरताना पंप कण्हल्यासारखा आवाज करत होता. उघड्या बॉनेटमुळे समोर काहीच दिसत नव्हतं, फक्त बॉनेट आणि काच यांच्यामधली एक अरुंद फट, आणि त्या फटीत बाबांची बोटं. पुन्हा डावीकडे, बोटं म्हणाली. पुन्हा. मग बोटं थांबली. "बंद कर." इंजिन बंद झालं. पार्किंगमध्ये कुठेतरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं. फटीतली बोटं परतीच्या नळीच्या तोंडाशी गेली, पावडरवरची गुलाबी ओल त्यांनी पुसली, मग लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर आला, आणि मूठ एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि अडली.

"दोन आटे," बाबा म्हणाले. ते जणू स्वतःशीच बोलत होते.

ती बाहेर आली. गेल्या वर्षी ही नळी बाबांनीच बदलली होती, क्लिपही त्यांनीच लावली होती. ती म्हणाली, "गाडीच्या हादऱ्यांनी सैल होत असेल ना, बाबा."

"मी आवळलेली नाही होत." ते क्लिपकडेच बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी आवळलीच नव्हती."

खरं सांगून टाकायचा हाच तो क्षण होता, हे तिला तेव्हाही कळलं. पुढे कितीतरी दिवस ती त्या क्षणापाशी परत परत जात राहिली, आणि दर वेळी तिथे उभं राहून तिने मनातल्या मनात ते वाक्य उच्चारलं. प्रत्यक्षात तिने विचारलं होतं, "चहा आणू का?" आणि बाबा म्हणाले होते, आण.

चहा घेऊन ती खाली आली तर ते कामाला लागले होते. रबराचं ढिलं झालेलं टोक त्यांनी सरळ कापून टाकलं, नळी पुन्हा पाइपावर चढवली, नवी क्लिप बसवली. पुढची चाकं जॅकवर उचलून त्यांनी तिला इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं, नळ्यांत अडकलेली हवा निघून जावी म्हणून. भांड्यात बुडबुडे येत होते, मोठे, मग बारीक, मग फेस, मग काहीच नाही. त्यांचा हात एकदाही चुकला नाही, थरथरला नाही. सगळं झाल्यावर त्यांनी पेचावर बोट ठेवलं, आवळून पाहिलं, पुन्हा आवळून पाहिलं, आणि तिला म्हणाले, जरा तू बघ गं. ते तिला असं कधी म्हणाले नव्हते. तिने पेच बघितला. पक्का होता. मग ते चालकाच्या शेजारच्या सीटवर बसले, तिला गाडी चालवायला लावली. गाडी एका बोटाने वळत होती. चौकात तिला दोन्हीकडून येणारं सगळं दिसत होतं. परत आल्यावर त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "बहिणीला बुडवणार होतो मी," ते म्हणाले. "क्लिप आवळायची राहते ज्याची, त्याने गाडी चालवू नये."

तिला हवं होतं ते मिळालं होतं. रस्त्यावर उतरणाऱ्या सगळ्या बायका, हाताला धरलेल्या सगळ्या मुली आता सुखरूप होत्या, आणि हे खोटं नव्हतं. शनिवारी आणि रविवारी तीच आत्याला तलावाभोवती फिरवून आणू लागली. आत्या केस विंचरून तयार असे. एकदा म्हणाली, तुझा बाबा गाणी म्हणायचा गं, तू अगदी गप्प चालवतेस. बाबा बरोबर येत नसत. मला काय करायचंय तिथे येऊन, म्हणत. घरी ते आधी गॅसचा कॉक तिला बघायला सांगू लागले. मग दाराची कडी. मग मिक्सरची वायर सुटली तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि वायरमनला फोन लावायला सांगितलं. त्यांचे हात होते तसेच होते. डोळ्यांसमोरचं सगळं त्यांना पूर्वीसारखंच लख्ख दिसत होतं. डॉक्टरांनी जे गेलं म्हणून सांगितलं ते त्यांनी कधीच मानलं नव्हतं, आणि जे शाबूत होतं ते तिने दोन आट्यांत त्यांच्यापासून काढून घेतलं होतं. एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली तर ते जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोलत होते. त्या इस्पितळाच्या लिफ्टचे वरचे बोल्ट आपण दोघांनी लावले होते, आठवतं का, ते पुन्हा कुणी तपासलेत का? पलीकडचा माणूस हसला असावा. ती लिफ्ट कधीच काढली रे, नवी बसवली. बाबा म्हणाले, बरं झालं. मग दुसऱ्या एका इमारतीचं विचारू लागले.

एका दुपारी ती लवकर घरी आली. लिफ्टपाशी उभी राहिली, आणि तिला जिन्यातून कुणाच्या तरी धापा ऐकू आल्या. वर गेली तर मधल्या एका वळणावर बाबा पायरीवर बसलेले, शेजारी भाजीची पिशवी. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या या राहत्या इमारतीची लिफ्टही त्यांनीच सांभाळली होती. लिफ्ट चालू आहे बाबा, ती म्हणाली. हो, ते म्हणाले, चालू आहे, पण मला आठवत नाही शेवटच्या वेळी मी आतलं सगळं नीट आवळलं होतं की नाही. इतरांना सांगून ठेवलंय, कंपनीकडून तपासून घ्या म्हणून. तोवर तूही जिन्यानेच येत जा.

ती त्यांच्या खालच्या पायरीवर बसली, अशी की त्यांना समोर दिसावी. "बाबा, ती क्लिप मी सैल केली होती."



तिने सगळं सांगितलं. तुम्ही अंघोळीला गेला होता. लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर. दोन आटे, मी मोजले होते. रात्रीतून गळेल आणि सकाळी तुम्हाला दिसेल असं वाटलं होतं, पण गळलं नाही, आणि मी ते बघून तशीच ऑफिसला गेले. आत्या बरोबर असेल हे मला माहीत होतं. तुमच्या हातांना काही झालेलं नाही, बाबा, तुम्ही नीट आवळली होती. सांगताना ती रडेल असं तिला वाटलं होतं, पण आवाज ऑफिसातल्यासारखा सपाट येत होता, आणि त्यामुळे तिचं तिलाच ते पाठ केल्यासारखं वाटू लागलं. बाबा तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ आणि इतकं सरळ बघत होते की त्यांच्या त्या अरुंद नजरेत आपण पुरत्या मावलो आहोत असं तिला वाटलं. मग त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं आणि निवलं. त्यांनी तिच्या गालावर तळवा ठेवला.

"तुझी आईसुद्धा अशीच," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून काहीही रचून सांगायची. पण तिला इतकं बारकाईने नाही जमायचं."

"बाबा, खरं सांगतेय मी."

"असू दे." त्यांनी पिशवी उचलली. "मला सांगितलंस ते ठीक. पण हे आणखी कुणाला सांगू नकोस हं. आत्याला तर नाहीच. लोकांना खरं वाटेल."

बाबा उठले होते. त्यांच्या हातातली पिशवी तिने घ्यायला बघितली, त्यांनी दिली नाही. ते वर चढू लागले आणि ती त्यांच्यामागून. प्रत्येक वळणावर ते थांबत, अख्खी मान मागे वळवून ती येतेय ना ते बघत, आणि ती दिसली की पुढची पायरी चढत.